वाचक विचारतात : जीवाणूची पेशी आणि आपली पेशी

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात हिंदमाताजवळ गुडघाभर साचलेल्या पाण्यातून मला घरी यावे लागले. पायाला जखम होती, म्हणून डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिले. माझी मुलगी नववीत आहे. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, असे तिच्या पुस्तकात आहे. मग जंतूच्या पेशीवर चालणारे औषध आपल्या पेशींना कसे सोडते? – एक वाचक, परळ

उत्तर : आपल्या डॉक्टरांना भीती होती ती लेप्टोस्पायराची. हा पिळदार जीवाणू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो आणि जखमेतून किंवा पायाच्या भेगेतून शरीरात शिरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढीच असल्यामुळे शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो सापडतही नाही.

तरीही तो एक पूर्ण पेशी आहे. त्याला प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीला वेढणारे पातळ आवरण, आहे, आत पेशीद्रव्य आणि डीएनए आहे, आणि प्रथिने घडवणारे रायबोझोमही आहेत. हे सारे आपल्या पेशीतही असते. फरक आहे तो घडणीत, आणि औषध नेमका तोच फरक हेरते. जीवाणूचा रायबोझोम ७०एस प्रकारचा असतो, तर आपल्या पेशीद्रव्यातला ८०एस प्रकारचा. (हे आकडे वजनाचे नसून अपकेंद्री यंत्रात फिरवल्यावर कण किती वेगाने तळाशी बसतो याचे आहेत, म्हणूनच ३० आणि ५० असे दोन उपघटक जोडले की ८० नव्हे, ७० होतात. विद्यार्थ्यांना हे हटकून चुकल्यासारखे वाटते.) डॉक्सीसायक्लिन जीवाणूच्या ३०एस उपघटकावर अशा जागी बसते की अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) घेऊन येणाऱ्या आरएनएला तिथे टेकताच येत नाही, आणि प्रथिनाची साखळी वाढायची थांबते. या उपघटकाची अणूंच्या पातळीवरची रचना उलगडण्यात वेंकटरामन रामकृष्णन यांचा मोठा वाटा होता. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांच्यासह मिळाले. शिवाय जीवाणू हे औषध ऊर्जा खर्चून आत ओढून घेतो, आपल्या पेशी तसे करत नाहीत. हे औषध जीवाणूला थेट मारण्यापेक्षा त्याची वाढ रोखते, आणि उरलेले काम आपली प्रतिकारशक्ती करते.

‘सोडते’ हा आपला शब्द मात्र शंभर टक्के खरा नाही. आपल्या पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जानिर्मितीची केंद्रे, यांचे स्वतःचे रायबोझोम असतात आणि ते जीवाणूंच्या रायबोझोमशी बरेच मिळतेजुळते असतात. तंतुकणिकांना स्वतःचा वर्तुळाकार डीएनएही असतो. माणसात त्यावर ३७ जनुके आहेत. तंतुकणिकांचे आणि वनस्पतींतल्या हरितलवकांचे पूर्वज हे कधीकाळी मोठ्या पेशीत शिरून तिथेच राहिलेले स्वतंत्र जीवाणू होते, हा विचार जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरकसपणे मांडला आणि आज तो सर्वमान्य आहे. त्यामुळे अशा औषधांचा थोडाफार परिणाम तंतुकणिकांवर होऊ शकतो. औषध किती आणि किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे, गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या पाहून आपण ठरवू नये.

पेनिसिलिनचा मार्ग वेगळा आहे. बहुतेक जीवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकॅन या जाळीदार पदार्थाची भित्तिका, म्हणजे भक्कम भिंत, असते. पेनिसिलिन तिचे आडवे दुवे जुळू देत नाही, त्यामुळे बाहेरचे पाणी आत शिरत राहते आणि कमकुवत भित्तिकेची पेशी फुटते. प्राण्यांच्या पेशीला भित्तिकाच नाही आणि वनस्पतींची भित्तिका सेल्युलोजची असते, म्हणून दोन्ही बचावतात. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला भित्तिका नसल्यामुळे त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही. विषाणू तर पेशीच नव्हे. सर्दी-फ्लूवर प्रतिजैविके घेण्यात अर्थ नसतो तो यामुळेच.

प्रश्न : प्रयोगशाळेत कांद्याची पापुद्र्यासारखी साल पाहिली. कांदा वनस्पती आहे, तरी हरितलवके दिसली नाहीत. आमची काचपट्टी चुकली का? – एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : काचपट्टी बरोबर होती. कांद्याचे पाकळ्यांसारखे थर ही जमिनीखाली अन्न साठवणारी पाने आहेत. तिथे उजेड नाही, त्यामुळे हिरव्या लवकांचे कामही नाही. हरितलवके पाहायची तर मत्स्यटाकीच्या दुकानातून हायड्रिलाची एक काडी आणावी. तिचे पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचे असते, त्यामुळे कापावेही लागत नाही. दिव्याच्या उजेडात काही मिनिटे ठेवले तर हिरवे ठिपके पेशीच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतात. ते कडेनेच फिरतात, कारण मधली बहुतेक जागा एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते.

ही रिक्तिका कांद्यातही दाखवता येते, फक्त कांदा लाल घ्यावा आणि थराच्या बाहेरच्या अंगाची जांभळी साल काढावी. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात असतो. आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढले की रंगीत भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो, पण भित्तिकेची चौकट जागच्या जागी राहते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की पाणी सुटते ते याच क्रियेने. साधे पाणी परत दिले की पेशी पुन्हा भरते आणि भित्तिका असल्यामुळे फुटत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र शुद्ध पाण्यात फुटतात, सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असते ते त्यासाठीच.

गालाच्या आतल्या पेशींची निळ्या रंगाने रंगवलेली काचपट्टीही ४०० पट मोठी करून पाहा. पसरट, वेडीवाकडी पेशी आणि तिचे गडद केंद्रक तर दिसेलच. पण पेशीवर विखुरलेले अगदी बारीक निळे ठिपकेही दिसतील. त्यांतले बरेचसे तोंडातले जीवाणू असतात. विद्यार्थी त्यांना धूळ समजून सोडून देतात, याची मला नेहमी हळहळ वाटते.

प्रश्न : जीवाणूत केंद्रक नसेल, तर त्याचे आनुवंशिक द्रव्य सांडत कसे नाही? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ते पेशीद्रव्यातच, पण घट्ट पिळलेल्या गुंडाळीच्या रूपात असते. ई. कोलायचा वर्तुळाकार डीएनए सुमारे ४६ लाख आधारकजोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) आहे. उलगडला तर त्याची लांबी दीड मिलिमीटर भरेल, आणि पेशी असते मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी. याखेरीज प्लाझ्मिड नावाची छोटी वर्तुळेही असू शकतात. औषधांना दाद न देणारी जनुके पुष्कळदा त्यांच्यावरच असतात आणि ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, कधीकधी वेगळ्या जातीकडेही, जातात.

केंद्रकाचे आवरण नसल्याचा फायदाही आहे. आपल्या पेशीत जनुकाची आरएनए-प्रत केंद्रकात तयार होते आणि मग छिद्रांवाटे बाहेर येते. जीवाणूत ती अर्धवट असतानाच रायबोझोम तिच्यावर कामाला लागतात. अन्न आणि ऊब मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुभंगतो, आणि डीएनएची पूर्ण प्रत काढायला तर त्याला चाळीस मिनिटे लागतात. हे जमते, कारण एक प्रत पुरी होण्याआधीच तो पुढची सुरू करतो. जन्मणाऱ्या पेशीत तिच्यातून पुढे होणाऱ्या पेशींसाठीच्या प्रतीचे काम निम्मे झालेले असते.