चौथीतल्या मुलीला पाळीबद्दल एवढ्यात सांगू का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. महिन्यापूर्वी आंघोळ करताना म्हणाली, "आई, इथे दुखतंय." पाहिलं तर छातीत डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, वयात यायला सुरुवात झालीय, काळजी नको. सासूबाई म्हणतात, "एवढ्यात काही सांगू नकोस, पोर बावचळेल." मिस्टर म्हणतात, "ते तुम्ही बायका बघा." आमच्याकडे पाळीत देवघरात जात नाहीत, बाकी काही नाही. गौरी-गणपतीला मी दरवर्षी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते. मागे एकदा मुलीने विचारलं, "आज दिवा आजी का लावतेय?" सासूबाई म्हणाल्या, "आईला कावळा शिवलाय." तर ही म्हणते, "कुठे चावला?" सगळे खूप हसलो आणि विषय संपला. आता तिला काय सांगू, किती सांगू?
– एक आई, पुणे

उत्तर : विषय तुमच्यासाठी संपला. तिच्या डोक्यात तो चालूच असणार. आपला प्रश्न मोठ्यांनी हसण्यावारी नेला, हे मुलींना बरोबर कळतं, आणि पुढचा प्रश्न मग त्या मैत्रिणीला विचारतात.

तेव्हा आताच सांगा. छातीत गाठ आल्यापासून पहिली पाळी यायला साधारण दोन-अडीच वर्षं जातात, म्हणजे तुमची लेक तोवर सहावीत असेल. काहींना त्याआधीही येते. गाठ एकाच बाजूला आहे म्हणून घाबरू नका, दुसरी बाजू काही महिन्यांनी सुरू होते. आठ वर्षांच्या आत हे दिसलं असतं तर मीही तपासण्या करून घ्या म्हटलं असतं. सध्या आतून मऊ सुती स्लिप घालायला द्या, आणि गाठ रोज दाबून पाहू नका.

पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, तुमची खरी पंचाईत देवघराच्या उंबऱ्यावर आहे. तुम्ही तिला जवळ घेऊन सांगाल, "यात घाण काही नाही, लाजायचं काही नाही." आठ दिवसांनी ती तुम्हाला देवघराबाहेर थांबलेलं पाहील. कशावर विश्वास ठेवेल? म्हणून मुलीशी बोलण्याआधी सासूबाईंशी बोला. तिला पाळी येईल त्या दिवशी या घरात काय होणार, हे आजच ठरू द्या. माझं मत विचाराल तर त्या दिवशी काहीच वेगळं होऊ नये. रोज ती देवाला फूल वाहत असेल तर त्याही दिवशी वाहील. तुम्ही स्वतः काय पाळायचं ते तुम्ही ठरवा, पण ते तिच्या अंगावर आपोआप पडायला नको.

सासूबाईंपुढे विज्ञान घेऊन बसू नका, ऐकणार नाहीत. दुपारी भाजी निवडताना सहज विचारा, "आई, तुम्हाला कोणी आधी सांगितलं होतं का हो?" त्या पिढीतल्या कितीजणींनी रक्त पाहून काहीतरी लागलं असं समजून ते लपवलं होतं. त्यांचं उत्तर येऊ द्या, मध्ये बोलू नका. एकदा त्या स्वतःचं सांगायला लागल्या की नातीला अंधारात ठेवायचा हट्ट बराच सैल होईल. भजनाची आवड असेल तर सोयराबाईंची आठवण काढा. चोखोबांच्या या पत्नीने चौदाव्या शतकात थेट पांडुरंगालाच ऐकवलंय की विटाळाशिवाय जन्माला आलेला देह जगात नाही, मग सोवळं कोण? हे सुनेने सांगण्यापेक्षा संतांनी सांगितलेलं बरं पडतं.

गोळ्यांचंही बोलते. परस्पर मेडिकलमधून आणून घेऊ नका. रक्तात गुठळी होण्याचा किंवा यकृताचा त्रास असेल तर त्या चालत नाहीत, डॉक्टरांना विचारूनच घ्या. मुलीला मात्र सणासाठी म्हणून कधीच देऊ नका.

आता मुलगी. खास बसवून, दार लावून भाषण नको. कणीक मळताना, स्कूटरवर, कुठेही चालेल. सुरुवात तिच्याच प्रश्नाने करा : "तू विचारलं होतंस ना, कावळा कुठे चावला? तेव्हा मी नीट सांगितलं नाही. कावळा वगैरे काही नसतो. पोटात खाली गर्भाशय नावाची छोटी पिशवी असते. दर महिन्याला तिच्यात आतून मऊ अस्तर तयार होतं. बाळ राहणार नसेल तर ते लागत नाही, मग थोड्या रक्ताबरोबर बाहेर येतं. याला पाळी म्हणतात. मला येते, आजीला यायची, तुलाही येईल." कुठून येतं, हेही सांगा. शूची जागा वेगळी, शीची वेगळी आणि मध्ये तिसरी, तिला योनी म्हणतात. हे आपण बायकाही कुजबुजत बोलतो, पण तिला आत्तापासून नाव माहीत असलेलं चांगलं. ती "बरं" म्हणून खेळायला पळेल. पळू दे. उरलेलं पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी पॅड हातात द्या. तिचीच निकर घ्या, मागचा कागद काढून पॅड चिकटवून दाखवा, पंख खालून दुमडायला लावा. दोनदा तिच्या हाताने करू दे. जाहिरातीत निळं पाणी ओततात, त्यामुळे पहिल्या वेळचा तपकिरी डाग पाहून कित्येक मुलींना वाटतं की आपण कपडे खराब केले. हे आधी सांगून ठेवा. त्याआधी काही महिने पांढरं पाणी जाऊ लागतं, तेही सांगा. अख्ख्या पाळीत मिळून रक्त साधारण तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे जातं. चमचा दाखवा, भीती निम्मी होते. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. डाग गार पाण्यात धुवायचा, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

पाचवीत गेली की दप्तरात एक छोटा पाऊच ठेवा : दोन पॅड, एक निकर, वर्तमानपत्राचा कागद. शाळेत कोणत्या बाईंना सांगायचं, तेही ठरवून टाका. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला शिकवा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनीच हे मागितलंय, कारण कचरा त्या हाताने निवडतात. कमोडमध्ये मात्र टाकायचं नाही.

मिस्टरांना इतकं सहज सुटू देऊ नका. पॅड त्यांनी आणायचे, आणि दुकानदार काळ्या पिशवीत घालायला लागला की "राहू द्या, असंच द्या" म्हणायचं. एखाद्या दिवशी तुम्ही गावाला गेलेल्या असताना पाळी आली तर तिला बाबांना सांगता यायला हवं.

पहिली दोन वर्षं तारखा मागेपुढे होतील, एकवीस ते पंचेचाळीस दिवसांत कधीही. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, दुखण्यामुळे शाळा बुडत असेल किंवा वयाची पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल, तर डॉक्टरांकडे जा.

आणि एक. पाळी आली की आपल्याकडे मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांना फोन जातात. गोड करायचं तर करा, पण कोणाला सांगायचं ते आधी तिला विचारा. मावशीला चालेल, काकूंना नको म्हणाली, तर काकूंना नाही. सासूबाईंनाही हे आधीच बजावून ठेवा.