पार्किंगमधलं विमान आणि सोसायटीची नोटीस

प्रश्न : मी नाशिकमध्ये अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे, राहतो पाथर्डी फाट्याला. फावल्या वेळात एकाच माणसाला बसता येईल असं छोटं विमान बांधतोय. सांगाडा माझ्या पार्किंगमध्ये आहे, एक पंख मीटररूमच्या भिंतीला लावून ठेवलाय. सोसायटीने सात दिवसांत सगळं हलवायची नोटीस दिली. शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून हवालदार येऊन गेले, म्हणाले, ‘विमान बांधणं गुन्हा आहे, केस होईल.’ मेहुणा म्हणतो, दिंडोरीत शेताला लागून सरळ रस्ता आहे, पहाटे दहा फूट उचलून बघू, कुणाला कळतंय? काय करावं?

उत्तर : हवालदारांचं फार मनावर घेऊ नका, आणि मेहुण्याचं तर अजिबात ऐकू नका.

घरी विमान जोडत बसणं हा आपोआप गुन्हा होत नाही. मात्र १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे आणि त्याने विमानाचं डिझाइनही सरकारच्या नियमनाखाली आणलं आहे. त्यामुळे ‘जमिनीवर आहे तोवर कुणाचा काय संबंध’ हा युक्तिवाद पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही.

खरी भानगड चाकं जमिनीवरून सुटली की सुरू होते. विमान नियम, १९३७ मधला नियम ५ म्हणतो की नोंदणी नसलेलं विमान कुणी उडवायचं नाही आणि उडवायला मदतही करायची नाही. म्हणजे पंखाचं टोक धरून रस्त्यावर पळणारा मेहुणाही तुमच्यासोबत अडकला. दहा फूट म्हणजे उड्डाण नव्हे, हा बचाव चालणार नाही. शिवाय तुमच्याकडे पायलटचा परवाना आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर तो आणखी एक भंग. लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं विमान उडवल्यास कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्यात दिंडोरी ओझरच्या शेजारी! तिथे एचएएल या सरकारी विमान कारखान्याची लढाऊ विमानं चाचणीला उडतात, इकडे नाशिकच्या गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं दिवसभर घिरट्या घालतात. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात कदाचित कुणाच्या नजरेत आलं नसतं, पण नाशिकच्या आभाळात ती आशा ठेवू नका.

आता पोलीस. विमान कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेतं ती सक्षम विमान प्राधिकरणाने केलेल्या किंवा त्याच्या लेखी मंजुरीने आलेल्या तक्रारीवरच. झारखंडमधल्या देवघर विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हेच सांगितलं : स्थानिक पोलिसांनी गोळा केलेली माहिती त्या अधिकाऱ्याकडे पाठवावी, पुढचं तो ठरवेल. तो निकाल जुन्या कायद्यावरचा असला तरी नव्यातही तशीच तरतूद आहे. हवालदार पुन्हा आले तर चहा पाजा, कागद दाखवा, पण लेखी नोटिशीशिवाय जबाब देऊ नका.

सोसायटीपुढे मात्र तुमची बाजू लंगडी आहे. पार्किंग वाहनासाठी असतं, वर्कशॉपसाठी नाही. मीटररूमपाशी टेकवलेला पंख मी सोसायटीचा वकील असतो तर सगळ्यात आधी त्याचाच फोटो जोडला असता. सभासद आणि सोसायटीचा असा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. तिथे भांडता येईल, पण जिंकाल असं मला वाटत नाही. इंजिनसाठी पेट्रोल साठवलंय का? विनापरवाना घरगुती साठ्याची मर्यादा ३० लिटर, तेही एका धातूच्या डब्यात २५ पेक्षा जास्त नाही. अंबडला किंवा सिन्नरला छोटा गाळा भाड्याने घ्या. खटल्यापेक्षा स्वस्त पडेल.

विमान खरंच उडवायचं असेल तर वाट आहे, लांबची आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी आली २०१९ मध्ये. तेव्हा डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मुंबई कार्यालयाला आत्ताच लिहा. नकाशे, इंजिनाची कागदपत्रं, मालाची बिलं जोडा आणि कोणत्या टप्प्यावर तपासणी हवी ते विचारा. उत्तर येईपर्यंत पंखावर पत्रा चढवू नका. आतल्या रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या) आणि रिवेट उघड्या दिसतायत तोवरच कुणी तपासू शकेल. नंतर पत्रा उचकटण्याची वेळ तुमच्यावर येईल. आपल्याकडे गल्लोगल्ली एचएएलचे निवृत्त कारागीर आहेत, त्यांची मदत जरूर घ्या, पण कामाच्या वहीत तारखेसह त्यांची सही घ्या.

नोटिशीला सात दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या. पंख लगेच हलवतो, सांगाड्यासाठी दोन महिने हवेत, एवढंच लिहा. दुसऱ्या प्रतीवर सचिवांची सही आणि सोसायटीचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.