फर्निचरच्या नव्या रंगाचा वास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लोखंडी कपाटाला आतून-बाहेरून ऑइल पेंट मारून दोन आठवडे झाले. बाहेरचा वास गेला, पण दार उघडलं की आतून भपकारा येतो. कपडे कधी ठेवता येतील? (चिपळूण)

ऑइल पेंट दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं, ते साधारण एक-दोन दिवसांत उरकतं. मग रंगातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. तुम्हाला येतोय तो खवट वास या दुसऱ्या टप्प्याचा. दार लावून ठेवलं की आत ताजी हवा जात नाही आणि सुटलेला वासही कोंडतो. थोडक्यात, दार लावून तुम्ही रंगाचं वाळणंच रोखून धरलंय.

दारं सताड उघडा. ड्रॉवर आणि निघतील त्या फळ्या काढून उभ्या करा. कपाट भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा, कारण पाठीलाही रंग आहे. टेबलफॅन कपाटाच्या तोंडाशी तिरपा लावा, म्हणजे हवा आत फिरून बाहेर पडेल. दुसरा पंखा असेल तर खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा आणि समोरचं दार उघडं राहू द्या. छताचा पंखा खोलीतली तीच हवा ढवळतो. घरातला एसीही बहुधा तेच करतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग आणखी रेंगाळतो, तेव्हा घाई नको.

रंग पक्का झाला का, हे बिजागरीजवळ अंगठ्याचं नख दाबून बघा. वण उठला तर आत अजून कच्चा आहे. तोवर फळीवर वर्तमानपत्रही अंथरू नका, ते चिकटतं आणि ओढून काढताना रंगाचे पापुद्रे घेऊन येतं. वण उठत नसेल, तर एक रात्र दार बंद ठेवून सकाळी वास घ्या. मगच कपडे ठेवा.

पृष्ठभागावर सुरकुत्या दिसत असतील तर मात्र गोष्ट वेगळी. एकाच हातात जाड थर बसलाय, वर साय धरलीय आणि खाली टर्पेंटाइन अडकलंय. तेवढा भाग खरवडून पातळ दोन हात देण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : कापूर, कोळसा, चिरलेला कांदा, खाण्याचा सोडा. यातलं नक्की काय चालतं? (सोलापूर)

कापूर आणि डांबराच्या गोळ्या वास झाकतात, घालवत नाहीत. ओल्या थिनरच्या वाफेत कापूर किंवा धूप पेटवणं तर सरळ आगीला आमंत्रण. कांद्याने कांद्याचा वास येतो. सोडा आंबूस वासावर बरा, थिनरवर फारसा नाही. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा थोडंफार शोषतो. मासे पाळण्याच्या सामानाच्या दुकानात मिळणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन त्याहून कितीतरी सरस. पाव किलो जाळीच्या पिशवीत घालून बंद खणात ठेवा. पण आधी वारा, मग कार्बन.

प्रश्न : नव्या वॉर्डरोबला मेलामाइन पॉलिश केलं. दोन महिने झाले तरी आत डोकं घातलं की डोळे चुरचुरतात. (ठाणे)

मेलामाइन वाळताना फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू सोडतं, पण तो जोर सहसा काही आठवड्यांत ओसरतो. दोन महिन्यांनंतर पॉलिश नसलेल्या आतल्या भागातच चुरचुर जास्त असेल, तर संशय प्लाय किंवा एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीच्या) डिंकावर घ्या. तो डिंकही फॉर्मल्डिहाइडचाच असतो आणि उघड्या कडांमधून बराच काळ झिरपतो. ड्रॉवरचं बूड, पाठीची प्लाय, बिजागरीची भोकं, मायका न लावलेल्या कडा, सगळं तपासा.

या जागा चपडा लाखेने बंद करता येतात. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये 200 ते 250 ग्रॅम लाख रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळा आणि पातळ दोन हात द्या. मध्ये तासभर जाऊ द्या, 320 नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा. वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश द्यायचं असेल तर मेण काढलेली लाखच घ्या, नाहीतर पीयू सुटतं. काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि गॅस, समई बंद. कच्च्या ऑइल पेंटवर मात्र लाख लावू नका. आतला ओलावा कायमचा कोंडेल. पुढच्या वेळी ई-1 किंवा ई-0 प्रतीची, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारी प्लाय मागा.

प्रश्न : डायनिंग टेबलाचं पीयू पॉलिश तीन आठवडे झाले तरी चिकट आहे, वासही येतो. (नाशिक)

हार्डनर, म्हणजे पॉलिश घट्ट करणारा त्यातला दुसरा भाग, कमी पडलाय किंवा उघड्या डब्यात हवेतली ओल खाऊन वाया गेलाय. दोन भागांचं पीयू हार्डनरशिवाय पक्कं होत नाही, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. थर पीयू थिनरने पुसून काढायला लावा, घासून घ्या आणि डब्यावरच्या मापाने, अंदाजाने नव्हे, पुन्हा करून घ्या. काम संपेपर्यंत घरच्यांनी त्या खोलीत थांबू नये.

प्रश्न : आजोबांच्या काळचा लाकडी पाळणा बाळासाठी रंगवायचाय. वास किती दिवसांत जाईल? (कोल्हापूर)

वासाआधी जुन्या रंगाचं बघा. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासलात तर धूळ घरभर होईल आणि बाळ कठडे चावतंच. जुन्या रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर पाळणा बाळासाठी वापरूच नका. लाकूड उघडंच असेल तर पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा इनॅमल घ्या, पातळ दोन हात द्या आणि पाळणा निदान महिनाभर हवेशीर गॅलरीत ठेवा. गादी सगळ्यात शेवटी घाला, कारण कापूस वास धरून ठेवतो.