वडिलांचं १९७१ च्या युद्धाचं मेडल इतक्या वर्षांनी मागता येतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, १९७१ ला पूर्वेकडे लढाईत होते, सात वर्षांची नोकरी करून घरी आले. आज वय ७७. पंधरा ऑगस्टला गावात माजी सैनिकांचा सत्कार झाला तेव्हा बाकीचे मेडलं लावून आले आणि वडील रिकाम्या कोटानं बसले. आता मेडल मागता येईल का? आणि भावकी म्हणते तसा वीर चक्रासाठी अर्ज करावा का?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. मी क्लार्क म्हणून बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोकरीचे कागद जिथे ठेवतात तिथे. आता तालुक्यातल्या म्हाताऱ्या फौजींचे कागद बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वीर चक्राचं आधी मिटवू. शौर्यपदक मागायचं नसतं, कुणीतरी द्यायचं असतं. लढाई झाली की पलटणीचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, शिफारस लिहितो, ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी वर चढत दिल्लीला जाते, आणि ते सगळं ठरावीक मुदतीत. त्या वेळी शिफारस गेली नसेल तर आज मुलानं अर्ज करून काही होत नाही. असे अर्ज मी पाहिलेत, आमदाराच्या पत्रासकट. एका ओळीचं नम्र उत्तर येतं आणि म्हातारा माणूस उगीच दुखावतो. भावकीला चहा पाजा आणि विषय बदला.

तुमच्या वडिलांचा हक्क आहे तो वेगळ्या जातीच्या मेडलांवर. ती हजर असल्याबद्दल मिळतात. १९७१ साठी अशी तीन आहेत: पूर्वेच्या युद्धक्षेत्रात होता त्याला पूर्वी स्टार, पश्चिमेच्या युद्धक्षेत्रात होता त्याला पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सीमेकडच्या राज्यांत नेमणुकीवर होता त्याला संग्राम मेडल. त्याशिवाय एक मेडल हमखास विसरलं जातं, ते म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. १५ ऑगस्ट १९७२ ला जो नोकरीत होता त्या प्रत्येकाला ते आहे. वडील तेव्हा वर्दीत होते ना? मग ते धरा. कुणाचे वडील १९६५ ला असतील तर त्यांच्यासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, आणि गोवा मुक्तीत १९६१ ला असतील तर जनरल सर्व्हिस मेडलवर गोव्याची पट्टी. नऊ वर्षं सेवेचंही एक मेडल आहे, पण सात वर्षांत घरी आलेल्याला ते लागू नाही, म्हणून ते लिहू नका. जास्त मागितलं की क्लार्कला संशय येतो, मलाही यायचा.

मग तेव्हाच का मिळालं नाही, असं तुम्ही विचाराल. यात वडिलांवर कुणी अन्याय केला असं समजू नका. युद्ध संपल्यावर मेडल जाहीर होतं, मग टाकसाळीत पाडलं जातं, मग त्यावर माणसाचा नंबर, रँक आणि नाव उमटवलं जातं. तोवर वर्षं उलटतात. त्या काळी सात वर्षं कलर, म्हणजे प्रत्यक्ष नोकरी, आणि आठ वर्षं रिझर्व्ह, म्हणजे घरी राहायचं पण बोलावलं तर हजर व्हायचं, अशी भरती असायची. मेडल पलटणीत पोचेपर्यंत जवान घरी येऊन औताला लागलेला. पलटण तोवर दुसऱ्या सीमेवर. डबी परत रेकॉर्डला. कुणी मागितलं नाही, म्हणून कुणी पाठवलं नाही. त्यातून पुष्कळांना नुसती फीत मिळाली होती, तीच मेडल समजून ते घरी आले. वडिलांच्या ट्रंकेत एखादा रंगीत चिंध्यासारखा तुकडा असेल तर टाकू नका, तो बघा.

आता काम कसं करायचं. ट्रंक उघडली आहे तर डिस्चार्ज बुक काढा, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. त्यात मेडलांचा रकाना असतो. तिथे 'पूर्वी स्टार', 'संग्राम' असं लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं. हक्क आधीच नोंदलेला आहे, फक्त वस्तू यायची राहिली आहे. रकाना कोरा असेल तरी घाबरू नका. नोंद तेव्हा झाली नसेल. अशा वेळी सगळं येऊन थांबतं ते पार्ट टू ऑर्डरवर. जवान कुठल्या तारखेला कुठे होता, युद्धक्षेत्रात कधी गेला, कधी परतला, हे पलटण पार्ट टूला छापून रेकॉर्डला पाठवते. त्यावरून ठरतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पेन्शन न घेता घरी आलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, तसा नियमच आहे. पेन्शनरचे जास्त काळ ठेवतात. वडिलांनी रिझर्व्ह पुरी करून रिझर्व्हिस्ट पेन्शन घेतली असेल तर कागद सापडायची आशा चांगली. ते पेन्शनर नसतील आणि रेकॉर्डनं 'कागद नष्ट' असं कळवलं तर तिथेच थांबू नका. लाँग रोल नावाचं एक जाडजूड रजिस्टर असतं, ते नष्ट करत नाहीत. त्यात नंबर, नाव, भरती आणि डिस्चार्ज एवढं तरी सापडतं. अर्जात सरळ लिहा: लाँग रोलवरून पडताळणी करावी. हा शब्द वाचला की पलीकडच्या माणसाला कळतं, सांगणारा कुणीतरी जाणता आहे.

अर्ज बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला, ओआयसी रेकॉर्ड्स, म्हणजे तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याच्या नावानं. (महार असतील तर सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असतील तर खडकी. चुकीच्या ठिकाणी पाठवला तर पुढे पाठवतीलच असं नाही.) अर्ज वडिलांच्या नावानं आणि त्यांच्याच सहीनं, तुमच्या नाही. ते हयात असताना मुलाच्या अर्जाला तिथे किंमत नाही. सोबत डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, आधार, असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहा, चुकीचं असलं तरी. भरतीच्या हवालदारानं १९६७ ला 'शिंदे'चं 'सिंधे' केलं असेल तर फौजेसाठी ते सिंधेच. आधारशी जुळत नसेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र जोडा. नाव दुरुस्तीचा अर्ज याच पाकिटात घालू नका, दोन्ही कामं अडतात.

आणि अर्ज छोटा ठेवा. याचं एक उदाहरण देतो. आमच्याच गावचे एक आबा, जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठाचे. ही पलटण १९७१ ला ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री आतली पाकिस्तानी बलुच पलटण वेढा फोडायला निघाली आणि सरळ यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. आबांनी अर्ज सांगायला घेतला आणि मी चार फुलस्केप पानं लिहिली. अंधारात कुठून आवाज आला, शेजारच्या खंदकात कोण होता, पहाटे काय दिसलं. मध्येच ते गप्प बसले, तंबाखू मळली, आणि पुन्हा त्याच खंदकापासून सुरुवात केली. शेवटी त्या चार पानांतून मी अर्जासाठी एकच ओळ उचलली: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत १ मराठासोबत पूर्वेच्या युद्धक्षेत्रात हजर. आबा रागावले. म्हणाले, 'एवढंच व्हय?' क्लार्कला रात्र नको असते, तारीख हवी असते, हे त्यांना पटवायला मला दुसरा चहा लागला. ती चार पानं मी त्यांच्या नातवाकडे दिली.

चार महिने काही उत्तर नाही. मग पत्र आलं की नंबर जुळत नाही. आबांना स्वतःचा मोबाइल नंबर पाठ नाही, आधार तर नाहीच, पण फौजेचा नंबर झोपेतून उठवलं तरी एका दमात सांगतात. मी मात्र त्यांना न विचारता डिस्चार्ज बुकातून उतरवला होता आणि एका घासलेल्या एकाचा सात केला होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या असल्या चुका काढल्या आणि स्वतः तीच केली. तेव्हा नंबर वडिलांना तोंडी म्हणायला सांगा आणि मगच लिहा.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात तर बरं. त्यांचा शिक्का लागतो, शिवाय जावक क्रमांक मिळतो. पैसे लागत नाहीत. 'दिल्लीत ओळख आहे' म्हणून कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर तो मेडल आणत नाही, एवढं नक्की. तीन-चार महिन्यांनी स्मरणपत्र. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून एवढंच विचारा की अमुक तारखेच्या अर्जाचं काय झालं आणि माझ्या नावावर कुठली मेडलं नोंदलेली आहेत. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. 'का दिलं नाही' असं विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही.

तोवर लष्करी कँपातल्या दुकानातून मेडल विकत घ्यावं का? तिथे सगळी मेडलं मिळतात, बारवर शिवूनही देतात. नोकरीतले जवानसुद्धा सरकारी मेडल यायला उशीर होतो म्हणून तिथलीच लावतात, त्यात लाज नाही. पण डिस्चार्ज बुकात नोंद असेल तरच. नोंद नसताना लावलं आणि सत्कारात कुणी जुन्या सुभेदारानं विचारलं, तर वडिलांना उत्तर देता येणार नाही. शिवाय दुकानातल्या मेडलवर नंबर आणि नाव नसतं.

आबांचा स्टार चौदा महिन्यांनी पोस्टानं आला. त्यांनी चष्मा लावला नाही, अंगठ्याचं नख स्टारवरून फिरवत नंबर वाचला आणि म्हणाले, 'बरोबर आहे.'

पैशाची अपेक्षा असेल तर तीही सांगतो: या मेडलांना भत्ता नाही, पेन्शन वाढत नाही. भत्ता शौर्यपदकांना असतो.

डिस्चार्ज बुकातल्या मेडलांच्या रकान्याचा फोटो इथे टाकलात तर काय लिहिलंय ते वाचून सांगेन. नंबर आणि नावावर बोट ठेवून काढा.