अठरा पूर्ण होण्याआधी अंतिम आदेश हवा

आपल्या तीन पानी पत्रात पाच प्रश्न आहेत. मुलाच्या नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, कॉलेजच्या अर्थसाहाय्याचा अर्ज, मृत्युपत्र आणि आडनाव. या पाचही प्रश्नांची उत्तरे ज्या एका वाक्यावर अवलंबून आहेत, ते मात्र आपण दुसऱ्या पानाच्या तळाशी जाता जाता लिहिले आहे: ‘इथल्या न्यायालयाचा दत्तकविधानाचा अंतिम आदेश घ्यायचा तेवढा राहून गेला.’ मुलगा फिलिपिन्सहून अमेरिकेत आपल्याकडे आला तेव्हा 14 वर्षांचा होता आणि आज तो 17 वर्षे 7 महिन्यांचा आहे. परदेशातून मोठ्या वयाचे मूल दत्तक घेणाऱ्या पालकांची अशा आशयाची पत्रे मला वरचेवर येतात आणि बहुतेकांत हेच वाक्य असेच कोपऱ्यात सापडते.

मुलाचे ग्रीन कार्ड काढून समोर ठेवा. त्यावर ‘कॅटेगरी’ या शब्दाखाली ‘आयएच 4’ असे छापलेले असेल. तेथे ‘आयएच 3’ असते, तर दत्तकविधान परदेशातच पूर्ण झाले असा त्याचा अर्थ होता, मुलगा विमानतळावर उतरताच नागरिक झाला असता आणि प्रमाणपत्रही न मागता घरी आले असते. ‘आयएच 4’चा अर्थ असा, की मूल आपल्या ताब्यात देण्यात आले आहे, परंतु त्याचे दत्तकविधान येथील राज्य न्यायालयात व्हायचे आहे. फिलिपिन्समधून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या देखरेखीनंतर तेथील प्राधिकरण संमतीपत्र देते आणि ते घेऊन पालकांनी न्यायालयात जायचे असते. आपले संमतीपत्र दोन वर्षांपूर्वी आले आणि तेव्हापासून ते कपाटात आहे.

आता निर्णायक तरतूद. 2000 सालच्या बालनागरिकत्व कायद्याने स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्याच्या कलम 320 मध्ये जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार दत्तक मूल आपोआप नागरिक होते. मात्र आई-वडिलांपैकी किमान एक जण नागरिक असणे, मूल स्थायी रहिवासी म्हणून कायदेशीरपणे देशात आलेले असणे, ते त्या नागरिक पालकाच्या कायदेशीर व प्रत्यक्ष ताब्यात येथेच राहत असणे आणि दत्तकविधान पूर्ण व अंतिम झालेले असणे, या सर्व अटी त्याला 18 वर्षे पूर्ण होण्याआधी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. आपल्या बाबतीत शेवटची सोडून बाकी सर्व अटी पुऱ्या झालेल्या दिसतात. वाढदिवसाच्या दिवशी तो 18 वर्षांखालील राहत नाही, म्हणून आदेश आदल्या दिवसापर्यंत व्हायला हवा. नुसता अर्ज दाखल झालेला असून भागत नाही. ज्या राज्यांत आधी अंतरिम व काही महिन्यांनी अंतिम आदेश होतो, तेथे अंतरिम आदेशही पुरत नाही.

हा कायदा उशिरा आलेल्यांना सांभाळून घेत नाही. तो 27 फेब्रुवारी 2001 रोजी अमलात आला आणि त्या दिवशी ज्यांना 18 वर्षे पूर्ण झाली होती ते सगळे त्याच्या बाहेर राहिले. कोरियातून बालपणी दत्तक येऊन येथेच वाढलेल्या काही जणांना प्रौढ वयात, दुसरी कोणतीही भाषा येत नसताना, हद्दपार व्हावे लागले, कारण त्यांच्या पालकांनी नागरिकत्वाचा कागद वेळेवर केला नव्हता. आपल्या हाती पाच महिने आहेत आणि तेही पुरतीलच असे मी सांगू शकत नाही, कारण न्यायालयांच्या तारखा आपल्या सोयीने पडत नाहीत.

आपण विलंबाचे जे कारण दिले आहे ते मी दोनदा वाचले. पहिले वर्षभर मुलाने कपड्यांची पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती, आणि अशा मुलाला न्यायालयात उभे केले तर आपल्याला पुन्हा कुठेतरी पाठवणार असे त्याला वाटेल, ही भीती आपल्याला होती. ही भीती मला कळते. पण ती पिशवी रिकामी झाल्यालाही दीड वर्ष झाले, असे आपणच लिहिता, आणि त्या दीड वर्षाचे कोणतेही कारण पत्रात नाही. मुलाला न दुखवण्यासाठी थांबलात, आणि त्या थांबण्यामुळे येथे टिकून राहण्याचा त्याचा सर्वांत भक्कम आधार धोक्यात आला आहे.

याच आठवड्यात दत्तक प्रकरणे चालवणारा, आपल्या राज्यातला वकील नेमा. अर्जासोबत सुनावणी लवकर घेण्याची स्वतंत्र लेखी विनंती जोडा आणि तिच्या पहिल्याच ओळीत मुलाची जन्मतारीख व 18 वर्षे पूर्ण होण्याची तारीख असू द्या. न्यायालयाच्या कार्यालयातील माणसाला ती शोधावी लागू नये. संमतीपत्राची मूळ प्रत आणि देखरेखीच्या काळातले अहवाल दत्तकसंस्थेकडून आजच मागवा. गृहपाहणीचा अहवाल जुना झाला असेल आणि बोटांचे ठसेही पुन्हा मागितले जातील. माझ्या अनुभवात वेळ जातो तो येथेच. काही राज्यांची न्यायालये आदेश मागील तारखेपासून लागू करतात, आणि स्थलांतराच्या इतर दत्तक प्रकरणांतील 16 वर्षांच्या वयोमर्यादेबाबत, अर्ज त्या वयाआधीच दाखल झालेला असल्यास, असे आदेश मान्य करण्याची भूमिका स्थलांतर अपील मंडळाने 2015 साली घेतली आहे. आपली मर्यादा 18 वर्षांची आहे, म्हणून त्या निर्णयावर विसंबून मी एक दिवसही घालवणार नाही.

प्रमाणपत्राचा एन-600 अर्ज आदेशानंतर केव्हाही करता येतो, कारण नागरिकत्व कायद्याने आधीच मिळालेले असते. अमेरिकेचा पासपोर्ट बहुधा त्या प्रमाणपत्राआधी हाती येईल. तोवर फिलिपिन्सचा पासपोर्ट चालू ठेवा. अर्थसाहाय्यासाठी स्थायी रहिवासी असणे सामान्यतः पुरते. अर्जातील ‘पालक’ या रकान्यात काय लिहायचे ते मात्र आदेशानंतरच ठरेल. मृत्युपत्र आजच करा आणि त्यात मुलाचा नावाने उल्लेख करा, कारण दत्तकविधान अपुरे असताना तो आपला कायदेशीर वारस ठरेल असे धरून चालता येत नाही.

तारीख हुकलीच तर तो स्थायी रहिवासी राहील आणि पाच वर्षांचा रहिवास भरल्यावर स्वतः अर्ज करून, परीक्षा देऊन नागरिक होऊ शकेल. दरम्यान एक धोका मोठा आहे. वाहन परवान्याच्या अर्जात मतदार नोंदणीचा एक छोटा चौकोन असतो. नागरिक नसताना त्यात खूण केली तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरून पुढचे सगळे मार्ग बंद होऊ शकतात आणि त्यातले अपवाद फार अरुंद आहेत. त्याने परवाना काढला असेल, तर त्या अर्जाची प्रत आधी तपासा.

आडनावाबद्दल मी मत देणार नाही, ते त्याला विचारा. त्याची संमती न्यायालयालाही लागणारच आहे. काही राज्यांत वयाच्या 12व्या, तर काही राज्यांत 14व्या वर्षापासून मुलाच्या संमतीशिवाय दत्तकविधान होत नाही. म्हणून आज रात्री कागद त्याच्यासमोर ठेवून सर्व सांगा. अर्जात नव्या नावासाठी जागा असेल, ती त्याला स्वतःला भरू द्या. त्याने जन्माचे आडनाव ठेवले तरी कलम 320 ला त्याने काही फरक पडत नाही.