'हान सोलो ॲट स्टार्स एंड' या कादंबरीवर कॉमिक आहे का, आणि आधी काय वाचावं?

हो, कॉमिक आहे, पण आधी कादंबरीच वाचा. ब्रायन डेली यांची ही 'स्टार वॉर्स' विश्वातली कादंबरी १९७९ची. १९८०-८१मध्ये ती अमेरिकन वर्तमानपत्रांत चित्रपट्टी म्हणून आली. लेखन आर्ची गुडविन यांचं, चित्रं फिलिपिनो चित्रकार अल्फ्रेडो अल्काला यांची. १९९७मध्ये डार्क हॉर्स या कॉमिक-प्रकाशकाने तीच तीन रंगीत अंकांत काढली.

दोन्ही वाचून सांगतो: रोजच्या मोजक्या चौकटींत प्रसंग भराभर उरकावे लागतात. जहाजाच्या दुरुस्तीसाठी सौदा करणारा तस्कर हान, त्याचा साथीदार चुबाका पकडला गेल्यावर नफ्यातोट्याचा हिशेब बाजूला ठेवून तुरुंगाकडे निघतो. त्याच्या मनातला हा बदल कादंबरीतच नीट उलगडतो. बोलक्स हा जुनाट मजूर-रोबो आणि त्याच्या छातीत बसवलेला चुणचुणीत संगणक ब्लू मॅक्स, यांच्या गप्पांनाही तिथेच खरी जागा मिळते, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव त्यांच्यातच आहे.

मात्र चित्रकलेची आवड असेल तर कॉमिक सोडू नका. अल्कालांचं शाईकाम फार बारीक आहे. मिळालं तर कृष्णधवलच घ्या, रंगाखाली त्या रेषा दबतात.