वाचकांचे प्रश्न : आबांच्या ट्रंकेतली पदके, फोटो आणि पत्रे

प्रश्न : माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत होते. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आमचे घर आहे आणि तेथे त्यांची एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात तीसेक कृष्णधवल फोटो, फितींसह तीन पदके, टोपीला लावायची काळी पट्टी, नोकरीचे पुस्तक आणि आजीला पाठवलेली पत्रे आहेत. काही पत्रे मोडीत आहेत. २०१९ च्या महापुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओल लागून चार फोटो एकमेकांना चिकटले. आता गावात माजी सैनिकांच्या आठवणींचे छोटे प्रदर्शन भरणार आहे. त्यासाठी पदके चिंचेने घासून चकचकीत करावीत आणि फोटो लॅमिनेट करून घ्यावेत, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. तसे करावे का? — एक शिक्षिका, पलूस तालुका

उत्तर : आपल्या भावाला आजच थांबवा. त्याच्या मनात आबांविषयीचा आदरच आहे यात शंका नाही, परंतु या दोन्ही गोष्टी एकदा केल्या की पुन्हा मागे घेता येत नाहीत.

प्रथम पदकांविषयी. महायुद्धाचे जे तारे दिले गेले, ते तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे आहेत. '१९३९-४५ स्टार' आणि 'बर्मा स्टार' हे त्यांपैकीच. गोल 'वॉर मेडल' बहुतेक वेळा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे असते. चिंचेतील आम्ल वरचा काळपट थर काढताना त्याखालचा धातूही थोडा खाते. राख, रांगोळी किंवा भांडी घासायची पावडर धातू खरवडून काढते. दर दिवाळीला असे घासलेले पदक काही वर्षांत गुळगुळीत होते. कित्येक पदकांच्या मागे किंवा कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले अथवा ठोकलेले असते, आणि घासण्यात सर्वांत आधी तीच अक्षरे झिजतात. पुढे कोणी त्या पदकावरून आबांचा शोध घेऊ म्हणेल, तर त्याला तेवढाच धागा असतो. जुन्या धातूचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. तो तसाच राहू द्यावा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकणे एवढीच स्वच्छता घरी करावी. मात्र एखाद्या ठिकाणी फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसल्यावर ती पुन्हा येत असेल, तर ती धातूची कीड समजावी. ते पदक इतरांपासून वेगळे, कोरड्या डबीत ठेवून जाणकाराला दाखवावे.

फिती धुऊ नयेत, इस्त्री करू नयेत आणि जीर्ण झाल्या म्हणून फेकूही नयेत. '१९३९-४५ स्टार'ची फीत गडद निळा, तांबडा आणि फिकट निळा अशा तीन समान पट्ट्यांची असते. त्या नौदल, भूदल आणि हवाई दल यांच्या खुणा आहेत. छातीवर लावताना गडद निळी पट्टी डाव्या खांद्यापासून सर्वांत लांब येते. प्रदर्शनात मांडताना हे लक्षात ठेवा, कारण फीत उलटी लावलेली पदके मी अनेक घरांच्या काचेत पाहिली आहेत. आपली तीन पदके हीच असतील तर '१९३९-४५ स्टार' प्रथम, त्यानंतर 'बर्मा स्टार' आणि शेवटी 'वॉर मेडल', असा क्रम राहतो. पदके मुळात एका पट्टीवर एकत्र शिवलेली असतील तर ती सोडवू नयेत. त्या शिवणीतही आबांचा, किंवा ज्या शिंप्याकडून त्यांनी ती शिवून घेतली त्याचा, हात लागलेला आहे.

आता फोटोंकडे वळू. त्या काळातील कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर पसरलेला जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण. जिलेटिन ओलसर झाले की फुगते आणि चिकट होते, म्हणूनच आपले चार फोटो एकमेकांना धरून बसले आहेत. ते ओढून वेगळे करू नका, सुरी किंवा पट्टी मध्ये घालू नका आणि वाफही देऊ नका, कारण चेहऱ्यांचा थर निघून दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटेल. असे फोटो कधी कधी पाण्यात ठेवून सुटतात, परंतु पाठीमागे शाई आहे का, हाताने रंग भरले आहेत का, हे तपासून ते काम अनुभवी व्यक्तीनेच करावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे. तेथे सल्ला विचारता येईल. तोवर तो गठ्ठा आहे तसाच स्वच्छ कागदात सपाट ठेवावा.

लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक फोटोला कायमचे चिकटते. पुढे ते पिवळे पडते, सुटू लागते, आणि सुटताना चित्र घेऊन जाते. सत्तरच्या दशकात घरोघरी आलेल्या, चिकट पानांवर प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या अल्बमांनीही असेच नुकसान केले आहे. प्रदर्शनासाठी मूळ फोटो देऊच नयेत. ते किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत, आणि आगपेटीएवढे छोटे फोटो १२०० वर, म्हणजे मोठे छापले तरी चेहरे स्पष्ट राहतील. भिंतीवर त्या प्रतीच लावाव्यात. एखाद्या स्टुडिओकडून डाग काढून घ्यायचे असतील तर तेही प्रतीवरच. स्कॅन केलेल्या फाइली व्हॉट्सअॅपवर पाठवून मोबाइलमध्ये साठवल्या म्हणजे जपल्या, असे समजू नये. तेथे फोटोचा तपशील आकसतो. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी, शक्य तर दोन वेगवेगळ्या गावांत ठेवाव्यात. आपल्या भागात कृष्णेचे पाणी कुठवर येते हे आपल्याला मी सांगायला नको.

फोटोच्या मागे नाव लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहावे. माझ्या वडिलांच्या एका फोटोमागे मी लहानपणी बॉलपेनने त्यांचे नाव लिहिले होते. त्या अक्षरांचा उठाव आज त्यांच्या कपाळावर दिसतो, आणि तो फोटो हातात घेतला की मला अजून वाईट वाटते.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट. फोटोत काय आहे ते वाचायला शिका, आणि घरातील ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर त्यांच्यासमोर बसून लिहून काढा. सातारा-सांगलीत भूदल घराघरांत आहे. साताऱ्याजवळच्या एका गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी असे पडले आहे. मराठा पलटणीचा बिल्ला येथे लहान पोरेही ओळखतात, परंतु नौदलाच्या खुणा आपल्याकडे फारशा कोणाला माहीत नसतात. आबांच्या डाव्या बाहीवर दोरी गुंडाळलेला एक नांगर असेल तर ते लीडिंग सीमन (भूदलातील नाईकाच्या बरोबरीचे) होते, आणि एकमेकांवर आडवे दोन नांगर असतील तर पेटी ऑफिसर (हवालदाराच्या बरोबरीचे). नांगराखालच्या उलट्या बाणासारख्या पट्ट्या चांगल्या वर्तणुकीच्या असतात. पहिली ३ वर्षांनी, दुसरी ८ आणि तिसरी १३ वर्षांनी मिळत असे. उजव्या बाहीवरचे चिन्ह कामाचे : जहाजाचा पंखा असेल तर इंजिनखाना, पंख आणि विजेची रेघ असेल तर तारायंत्र. दोन फोटोंतील पट्ट्या मोजल्या तरी कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवता येते. टोपीच्या काळ्या पट्टीवर मात्र जहाजाचे नाव सापडेलच असे नाही. शत्रूला माहिती मिळू नये म्हणून ब्रिटिश नौदलात युद्धकाळी पट्टीवर जहाजाचे नाव न घालता केवळ 'एच.एम.एस.' ही आद्याक्षरे ठेवत. त्यामुळे आपल्या पट्टीवर नाव नसेल तर ते पुसले गेले असे समजू नका. जहाजाचे नाव आपल्याला नोकरीच्या पुस्तकात शोधावे लागेल.

पत्रांबाबत एकच इशारा देतो. त्या काळी कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत असत. तिची अक्षरे कोरडी असताना करडी दिसतात, परंतु पाण्याचा थेंब पडताच जांभळी होऊन पसरतात. तेव्हा पत्रांना ओला हातही लावू नये. टाचण्या आणि रबरबँड काढून टाका : टाचणीचा गंज कागद खातो, आणि रबरातील गंधकाने पदके व फोटो दोन्ही काळवंडतात. मोडी पत्रांचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून घेताना त्यांना मूळ पत्र न देता स्कॅन द्यावे.

ट्रंक चांगली आहे. आतून गंजलेली नसेल तर तीच वापरा. कच्च्या लाकडाच्या पेटीतून आम्लयुक्त वाफा निघतात, त्यापेक्षा रंगवलेले लोखंड बरे. प्रत्येक फोटो वेगळ्या आम्लरहित कागदात ठेवावा, किंवा पॉलिएस्टर अथवा पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात. वास येणारे पीव्हीसीचे पाकीट नको. असा कागद पुण्यामुंबईहून येईपर्यंत अनेकदा धुतलेले, खळ नसलेले पांढरे धोतर पदके गुंडाळायला उत्तम. आजीचे लुगडे मनाला कितीही जवळचे वाटले तरी त्याचा रंग उतरतो, म्हणून ते नको. वर्तमानपत्राचा कागदही नको. डांबरगोळ्या फोटोंच्या सहवासात ठेवू नयेत, आणि कडुलिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर तो पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत, कागदाला लागणार नाही असा ठेवावा. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात वेळोवेळी बदला. माळ्यामुळे ट्रंक पुरातून वाचली हे खरे, परंतु पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, आणि उष्णता जिलेटिनला सोसत नाही. पुराच्या रेषेच्या वर, आतल्या भिंतीला लागून असलेले कपाट ही तिची जागा.

पुन्हा कधी पाणी शिरलेच तर भिजलेल्या फोटोंचा गठ्ठा तसाच वाळू देऊ नका, उन्हातही टाकू नका. स्वच्छ थंड पाण्यात अलगद खळबळून, चित्राची बाजू वर करून, टिपकागदावर सावलीत पसरा. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून तेवढ्यात हे जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि नंतर सवडीने एकेक सोडवावा.

प्रश्न : वडील १९७१ च्या युद्धात नौदलात होते. त्यांच्या पश्चात पदकांची वाटणी करावी असे आम्हा तिघा भावंडांचे ठरले आहे : पश्चिमी स्टार एकाकडे, संग्राम मेडल दुसऱ्याकडे, आणि फोटो व कागद बहिणीकडे. यात काही अडचण आहे का? — सातारा शहर

उत्तर : कायद्याची अडचण नसेलही, पण मी आपल्याला कळकळीने सांगेन की असे करू नका. पदक कोणाचे हे कागद सांगतात, आणि तो माणूस कसा दिसत होता हे फोटो सांगतो. तीन घरांत गेलेल्या या वस्तू दोन पिढ्यांनी कोणाच्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. जमीन वाटली तरी सात-बारा उरतो. या वस्तूंना तसा उतारा नसतो. एकाने सर्व संग्रह सांभाळावा, इतर दोघांना फोटोंच्या उत्तम छापील प्रती आणि कागदांच्या नकला द्याव्यात, आणि सणावारी किंवा ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला मूळ पदके कोणत्या घरी असतील हे आपसांत ठरवावे. एका वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन ती काय आहे, कोठून आली, कोणी सांगितले, हे लिहावे आणि तिघांनी त्याखाली सही करावी. पुढे सांभाळणारे कोणी राहिले नाही तर संपूर्ण संग्रह एकत्रच संस्थेला देण्याची तरतूदही त्याच वहीत असावी. मुंबईत १९७८ साली स्थापन झालेली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी नौदलाच्या इतिहासाचेच काम करते. देताना दानपत्र करून त्याची प्रत घ्यावी.

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले भाऊ महायुद्धात जहाजावर गेले ते परत आले नाहीत. आमच्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, तोही देव्हाऱ्याशेजारी फ्रेममध्ये. त्यांची कबर नाही. त्यांचे नाव कोठे नोंदलेले असेल का? — कोरेगाव तालुका

उत्तर : असण्याची पुष्कळ शक्यता आहे. ज्यांना समुद्रानेच ठेवून घेतले, अशा तत्कालीन भारतीय नौदलातील आणि व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक खलाशांची नावे युद्धातील मृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या स्मृतिग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत आणि एक बांगलादेशातील चितगावात ठेवली आहे. कमिशनची नामसूची इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. शोधताना नावाची स्पेलिंगे बदलून पाहा : त्या काळचे कारकून ऐकू येईल तसे लिहीत, आडनाव अनेकदा गाळत आणि वडिलांच्या किंवा गावाच्या नावाने नोंद करत. ते नौदलात होते की व्यापारी जहाजावर, हे आधी घरात विचारून घ्या. नौदलात असतील तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून अर्ज कसा करावा हे समजून घेऊन, मुंबईत मानखुर्द येथील ब्यूरो ऑफ सेलर्स या नौसैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे विचारणा करता येईल. सेवा क्रमांक हाती असेल तर काम फार सोपे होते.

फोटोविषयी मात्र वाट पाहू नका. देव्हाऱ्याजवळ समईचा धूर, उदबत्ती, कुंकू आणि ओला हार यांचा त्रास त्याला रोज होत असणार. कडेच्या काळ्या भागावर निळसर रुपेरी झाक आली असेल तर चांदी वर येऊ लागली आहे असे समजा. फ्रेम उघडताना फोटो काचेला चिकटलेला दिसला तर तो सोडवू नका. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि तसाच सपाट ठेवा. चिकटलेला नसेल तर मागचा पुठ्ठा हळूच काढून फोटोची पाठ नक्की पाहा. तेथे मुंबईच्या एखाद्या स्टुडिओचा शिक्का असेल, तारीख असेल, किंवा त्यांनी स्वतः लिहिलेली एखादी ओळ असेल. इतकी वर्षे ती भिंतीकडे तोंड करून असल्यामुळे आपल्या घरात कोणी वाचलेलीच नसेल. देव्हाऱ्याशेजारी चांगली प्रत लावा, आणि हार त्या प्रतीला घाला.